हॉस्टेल, फ्लॅट की मावशीचं घर?

प्रिय ताई,

मला विद्यापीठात प्रवेश मिळालाय आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहायचंय. तीन पर्याय आहेत. विद्यापीठाच्या आवारातलं हॉस्टेल, एका खोलीत दोघी. दुसरी कोण असेल ते आधी कळत नाही. न्हाणीघर मजल्यावर सामायिक. दुसरा पर्याय म्हणजे शाळेपासूनच्या माझ्या दोन मैत्रिणी घेतायत तो फ्लॅट. त्यात मला स्वतंत्र खोली आणि बाल्कनी मिळेल, पण तिथून विद्यापीठ पन्नास मिनिटांवर आहे, मध्ये एकदा बस बदलावी लागते. तिसरं मावशीचं घर. भाडं नाही, अंतर पंचवीस मिनिटं. मी तक्ता केला: भाडं, अंतर, खोली, जेवण, स्वातंत्र्य, प्रत्येकाला दहापैकी गुण. फ्लॅट पहिला आला, हॉस्टेल एका गुणाने मागे. दुसऱ्या दिवशी परत गुण दिले तर हॉस्टेल पुढे. माझी झोप फार सावध आहे. आणि मी कुणाशी चटकन बोलत नाही. मैत्रिणींना या आठवड्यात सांगायचंय, नाहीतर त्या तिसरी मुलगी बघतील. आईला मावशीकडे राहिलेलं बरं वाटेल. बाबा म्हणतात, तुझं तू ठरव. काय करू?

तक्तेवाली

———

तक्तेवाली,

पहिलं वर्ष हॉस्टेलमध्ये काढ. एवढंच हवं असेल तर इथे थांबलीस तरी चालेल. पण दोनदा गुण देणारी मुलगी माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून पुढचं लिहितेय.

आधी तुझ्या तक्त्याबद्दल. तो चांगला आहे, फक्त त्यात घरं मोजली आहेत. तुझा दिवस त्यात नाही. तीन जागा शेजारी शेजारी मांडल्या की मन नेमकं त्यांच्यातल्या फरकावर जाऊन बसतं, आणि इथे डोळ्यांत भरणारा फरक म्हणजे बाल्कनी. १९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की कॅलिफोर्नियात राहणारे जास्त सुखी असतील की मध्य-पश्चिमेकडच्या थंड भागात राहणारे? दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटलं, कॅलिफोर्नियावाले. प्रत्यक्षात आपापल्या आयुष्याबद्दल विचारल्यावर दोन्हीकडचं समाधान सारखंच निघालं. हवा डोळ्यांपुढे आणली की हवेचं वजन वाढतं. रोज तिथे राहणाऱ्याचं लक्ष मात्र परीक्षेकडे, मित्रांकडे, पैशांकडे असतं. तुझ्या बाल्कनीचंही तसंच होईल. नव्याचे नऊ दिवस सरले की तिथे कपडे वाळत असतील.

म्हणून तक्ता बाजूला ठेव आणि दुसऱ्या महिन्यातला एखादा साधा दिवस डोळ्यांसमोर आण. शेवटचं लेक्चर संपलं आहे, पाऊस भुरभुरतोय, उद्या काहीतरी जमा करायचं आहे. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तू कुठे आहेस, आणि तुझ्या आसपास कोण आहे? हे पाच तास तिन्ही घरांत कसे जातील ते बघ.

फ्लॅटवर राहिलीस तर त्यातला पहिला तास बसमध्ये. रोजचे जाऊन-येऊन शंभर मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठ तास वीस मिनिटं होतात. सोळा आठवड्यांच्या एका सत्रात हेच १३३ तास. पण तासांचा हिशेब मला तितका टोचत नाही. बसमध्ये वाचता येतं, गाणी ऐकता येतात. टोचतं ते दुसरंच. लेक्चर संपल्यावर चार जणी पायऱ्यांवर टेकतात, कुणीतरी म्हणतं चला, त्या नाटकाच्या तालमीत डोकावू. आणि तू घड्याळ बघतेस. पुढची बस गेली तर मधल्या थांब्यावर अर्धा तास उभं राहावं लागणार. तू दोन वेळा नाही म्हणतेस, आणि तिसऱ्या वेळी कुणी विचारत नाही. त्यात कुणाचा राग नसतो, लोक आपले गृहीत धरतात की ही लांब राहते. अंतराने वेळ जातोच, पण न ठरवता घडणाऱ्या गोष्टीही जातात. आणि पहिल्या वर्षात बहुतेक सगळं न ठरवताच घडतं.

आता तुझं ते वाक्य: 'मी कुणाशी चटकन बोलत नाही.' सगळ्या पत्रात मला तेच खरं पत्र वाटलं. बाकीचे गुण आणि रकाने म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं आहे. फ्लॅट पहिला येतो तो बाल्कनीमुळे नाही. तिथे गेलीस तर नवीन कुणाशी बोलावं लागणार नाही, म्हणून येतो. दोन जुन्या मैत्रिणी घरात आहेतच, आता अनोळखी दारावर कोण टकटक करणार?

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मीही तशीच होते, अजूनही ओळख नसलेल्या समारंभात भिंतीजवळची खुर्ची शोधते. पण बुजऱ्या माणसाला कुठली जागा मदत करते याबद्दल एक जुना अभ्यास आहे, तो तुला सांगायलाच हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट वेस्ट नावाची वसाहत होती. दुमजली इमारती, प्रत्येक मजल्यावर पाच घरं. कुणाला कुठलं घर मिळेल हे त्यांच्या आवडीनिवडीवर ठरत नव्हतं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शाक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी तिथल्या मैत्र्या मोजल्या आणि १९५० मध्ये निष्कर्ष छापले. अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे मित्र झाले होते, एक दार सोडून पलीकडच्यांपैकी २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. ही टोकं म्हणजे काही मैलांचं अंतर नव्हे, थोडीशी पावलं! शिवाय ज्यांची दारं जिन्यापाशी किंवा पत्रपेट्यांपाशी होती, त्यांना वरच्या मजल्यावरचेही मित्र मिळाले. त्यांनी काही विशेष केलं नव्हतं. माणसं त्यांच्या दारावरून जात होती, एवढंच.

बोलक्या मुलीला याची गरज नसते. ती बसच्या रांगेतही मैत्रीण करते. तुझ्यासारखीला मात्र जागेनेच अर्धं काम करून द्यायला हवं. रोज सकाळी त्याच बेसिनपाशी तोच चेहरा दिसला की आठव्या दिवशी 'पाणी आलं का गं?' एवढं तरी तोंडातून निघतं. मैत्रीची सुरुवात याहून मोठ्या वाक्याने झालेली मी फारशी पाहिली नाही.

हॉस्टेलविरुद्धचा खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो तू लिहिलास: दुसरी कोण असेल ते माहीत नाही. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीतले जोडीदार चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिळत. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये दाखवलं, की जोडीदाराचा परिणाम गुणांवर होतो, कुठल्या विद्यार्थी-मंडळात शिरायचं यावरही होतो. मुख्य विषय कुठला घ्यायचा यावर मात्र होत नाही. मायकेल क्रेमर आणि डॅन लेव्ही यांनी २००८ मध्ये दुसऱ्या एका विद्यापीठाबद्दल लिहिलं: आधीपासून दारू पिणारा जोडीदार नशिबी आलेल्या मुलग्यांची सरासरी श्रेणी, जी तिथे चारपैकी मोजतात, पाव गुणाने खाली आली. म्हणजे अनोळखी मुलगी हा जुगार आहेच.

पण ओळखीची मुलगी हाही जुगार आहे, फक्त तो जुगार वाटत नाही. माझी एक मैत्रीण होती, सहा वर्षं एका बाकावरची. दुसऱ्या वर्षी आम्ही एकत्र खोली घेतली. तिच्या वहीतलं अक्षर, तिचे वडील रागावले की ती काय करते, तिला कोण आवडतं, सगळं मला ठाऊक होतं. घरात एकही स्वच्छ भांडं उरत नाही तोवर ती भांडी घासत नाही, हे मात्र ठाऊक नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं, की मी चिडले की बोलत नाही, भांडी आपटत घासते. पाच महिन्यांत आम्ही एकमेकींना चिठ्ठ्या लिहायला लागलो, तेही एकाच खोलीत राहून. खोली सोडल्यावर पुढची चार वर्षं आम्ही बोललो नाही. अनोळखी जोडीदाराशी पटलं नाही तर खोली बदलता येते आणि विषय संपतो. मैत्रिणीशी पटलं नाही तर खोलीसकट मैत्रीण जाते. तुझ्या दोघी चांगल्याच असतील. त्यांना वर्षभर पाहुणी म्हणून भेट, त्यांच्याकडे एक-दोन रात्री राहा, ओट्याकडे जरा नजर टाक. पुढच्या वर्षी डोळे उघडे ठेवून त्यांच्यात जाता येईल.

मावशीच्या घरावर फार लिहीत नाही. भाडं नाही असं तू लिहिलंस, पैशांत नसेल. ते उशिरा न येण्यात, फोनवर हळू बोलण्यात, खोलीचं दार लावून न घेण्यात आणि मावसभावाचा अभ्यास 'जरा बघ ना' यात दर महिन्याला वसूल होतं, आणि कुणी वाईट नसतानाही होतं. पाहुणी म्हणून दोन दिवस लाड होतात. वर्षभर राहणारी ना पाहुणी असते ना घरची. मात्र एक सांगते. पैशांची ओढाताण असती, हॉस्टेलच्या फीसाठी कर्ज काढावं लागलं असतं, तर मी बिनदिक्कत मावशीकडे जा म्हटलं असतं. तसं काही तुझ्या पत्रात दिसत नाही. मावशी गावात असणं हीच मोठी शिदोरी आहे: ताप आला, हॉस्टेलला सुट्टीत कुलूप लागलं, रडायला जागा हवी झाली, तर जायला एक दार आहे. ते दार रोजच्या वापरात घासून टाकू नकोस.

सावध झोपेचं काय? हे मी हलक्यात घेत नाही. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपण्याच्या खोलीतला आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय; ३० डेसिबल म्हणजे साधारण कुजबुज. कुठल्याही हॉस्टेलात कुजबुजीइतकी शांतता रात्री दोनशिवाय होत नाही. अभ्यासाची शांतता ग्रंथालयात मिळेल, झोपेची मात्र खोलीतच मिळवावी लागेल.

तेव्हा थोडा धूर्तपणा कर. वेस्टगेटवाल्यांचा जिना तुझ्यासाठी नाही. जिना, पिण्याच्या पाण्याची जागा, न्हाणीघर आणि टीव्हीची खोली, या चारांपासून दोन-तीन दारं लांबची खोली माग. अगदी टोकाची मागू नकोस, तिथे कुणी फिरकत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे घे आणि घरीच आठवडाभर सवय कर, पहिल्या रात्री ते टोचतात. डोळ्यांवरची पट्टी तर घेच. उजेडानेही झोप मोडते, आणि जोडीदार रात्री वाचत बसली तर तिला दिवा घालव म्हणण्यापेक्षा आपले डोळे झाकणं सोपं.

जोडीदाराशी मोठे करारमदार करू नका, पण पहिल्या तीन दिवसांत काही गोष्टी बोलून घ्या: मोठा दिवा किती वाजता बंद, गजर किती वेळा वाजू द्यायचा, खोलीत फोनवर बोलायचं की बाहेर, पाहुण्या कधी, कुठल्या वस्तू न विचारता वापरल्या तर चालतात. पहिल्या आठवड्यात हे विचारलं तर व्यवस्थितपणा वाटतो. दुसऱ्या महिन्यात तेच भांडण वाटतं. तुला बोलायला जड जाणार हे मला कळतं, म्हणून स्वतःपासून सुरू कर. 'माझी झोप सावध आहे गं, तुझं कसं आहे?' याहून जास्त काही लागत नाही.

हॉस्टेलच्या कार्यालयात जाऊन विचारायच्या गोष्टी माहितीपत्रकात सहसा सापडत नाहीत. सत्रांमधल्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, आणि सामान कुठे ठेवायचं? मध्येच सोडलं तर फीतलं काय परत मिळतं? खोली बदलण्याचा अर्ज कधी करता येतो? रात्री आत येण्याची वेळ काय आहे, आणि ग्रंथालय त्यानंतरही उघडं असेल तर सवलत मिळते का? शेवटचं उत्तर अधिकाऱ्यांपेक्षा तिथल्या मुलींना विचार. नियम कार्यालयात कळतो, तो पाळला कसा जातो ते जिन्यात कळतं.

हॉस्टेल मिळालंच नाही तर फ्लॅट, आणि त्याचीही नीट चौकशी. जागा स्वतः पाहिल्याशिवाय, 'आजच टोकन भरा, दुसरे लोक रांगेत आहेत' असं कितीही सांगितलं तरी पैसे पाठवायचे नाहीत. ही घाई हीच फसवणुकीची पहिली खूण. एकदा दिवसा जा आणि एकदा रात्री नऊनंतर, बसथांब्यापासून दारापर्यंत पायी. नळ सोडून बघ, फोनला रेंज आहे का बघ. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्यामागे ओल आहे असं समज. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल आणि हवा जायला जागा नसेल तर ते घर सोडून दे, भाडं कितीही कमी असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणेपर्यंत माणूस दाराची कडी काढण्याच्या स्थितीत राहत नाही. करार वाच. त्यात तिघींची नावं आहेत की एकीचं? पुष्कळ करारांत जबाबदारी सामायिक असते, म्हणजे एकीने मध्येच सोडलं तर तिचा वाटा उरलेल्या दोघींच्या गळ्यात. अनामत रकमेची पावती घे, आणि सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, खिडकीचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठव. माझी अनामत एकदा एका तड्यापायी गेली. तो तडा माझ्याआधीपासून तिथे होता, पण सिद्ध कशाने करणार?

हे सगळं तुझ्या परिस्थितीसाठी आहे, हेही सांगून टाकते. एखादी नोकरी करून शिकत असेल, तिला औषधपाण्याची किंवा विशेष सोयीची गरज असेल, घरात लहान मूल असेल, तर तिला मी दुसरं काही सांगितलं असतं.

आता दोन फोन. मैत्रिणींना आजच कर, आठवड्याच्या शेवटी नाही. तुझा नकार जितका लवकर, तितकी त्यांना तिसरी मुलगी शोधायला सवड. संदेश पाठवू नकोस. कारणं तीन सांगितलीस तर त्या तिन्हींवर उपाय काढतील, म्हणून एकच सांग: पहिल्या वर्षी मला आवारात राहायचंय. 'बघते', 'अजून नक्की नाही' असले शब्द वापरू नकोस, ते खोली अडवून ठेवतात. मावशीला आईकरवी कळवू नकोस. स्वतः बोल, आणि महिन्यातून एक रविवार तिच्याकडे येणार असं सांगणार असशील तर तो पाळण्यासारखा असेल तेवढाच सांग.

आणि हॉस्टेलचा अर्ज. बऱ्याच अर्जांत झोपायची-उठायची वेळ, अभ्यासाची सवय असं काहीतरी विचारतात, त्यावरून जोड्या लावतात. मुली हा अर्ज आईच्या शेजारी बसून भरतात आणि 'रात्री दहाला झोपते, पहाटे पाचला उठते' असं लिहितात. मग पाचला उठणारी खरीखुरी मुलगी त्यांच्या खोलीत येते. तो रकाना आई खोलीत नसताना भर. सावध झोपेचंही तिथेच लिही, रकाना नसेल तर समासात. शेवटची तारीख तुझ्या पत्रात नाही. ती आधी बघ.

ताई